तळटीप आणि अंत्यटीप : इतिहासाच्या लेखात संदर्भ नेमका कसा द्यायचा?

इतिहासाची एखादी पोस्ट तुमच्या मोबाइलवर येते. शेवटी लिहिलेलं असतं, "संदर्भ : पेशवे दफ्तर". वाचणाऱ्याला वाटतं, चला, पुरावा दिलाय. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यातला नेमका कोणता रुमाल आणि कोणता कागद, हे न सांगता नुसतं "पेशवे दफ्तर" लिहिणं म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून "महाराष्ट्र" एवढंच लिहिण्यासारखं आहे. ते पत्र कुठेच पोहोचणार नाही.

हा पत्ता पूर्ण आणि बिनचूक लिहिण्याची पद्धत म्हणजे तळटीप आणि अंत्यटीप. एम.ए.चा शोधनिबंध असो, पीएच.डी.चा प्रबंध असो की एखाद्या त्रैमासिकासाठी लिहिलेला लेख, या टिपा नीट नसतील तर चांगलं संशोधनही परत येतं. टिपा लिहायच्या कशा आणि वाचायच्या कशा, ते आता पाहू.

तळटीप आणि अंत्यटीप यांत फरक काय?

मजकुरात एखादं विधान संपलं की तिथे वरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा येतो. त्याला टीपक्रमांक म्हणतात. त्याच आकड्याची टीप त्याच पानाच्या तळाशी दिली तर ती तळटीप. सगळ्या टिपा एकत्र करून प्रकरणाच्या, लेखाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी दिल्या तर त्या अंत्यटिपा. आतला मजकूर दोन्हींत सारखाच असतो. बदलते ती फक्त जागा.

पण जागा बदलली की वाचकाचा अनुभवही बदलतो. इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला. त्यात टिपा शेवटी छापल्या होत्या. तत्त्वज्ञ आणि इतिहासकार डेव्हिड ह्यूम याला सारखं मागे जाऊन टिपा शोधण्याचा कंटाळा आला. टिपा त्या त्या पानावरच द्याव्यात, असं त्याने प्रकाशकाला पत्राने सुचवलं. पुढच्या आवृत्त्यांत टिपा पानाच्या तळाशी आल्या, आणि आज गिबन ओळखला जातो तो त्याच्या खोचक तळटिपांसाठीसुद्धा. अँथनी ग्राफ्टन या अमेरिकन इतिहासकाराने तर तळटिपेच्या इतिहासावर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

इतिहासातच एवढा आग्रह का?

मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या लेखांत मजकुरातच कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष देऊन काम भागतं. इतिहासात तसं भागत नाही, कारण इतिहासाची साधनं वेगळी असतात. मोडीतलं एखादं पत्र, त्यावरची तारीख, ते कोणी कोणाला लिहिलं, कोणत्या रुमालात आहे, कोणी छापलं, हे सगळं कंसात कोंबलं तर वाक्यच वाचता येणार नाही. म्हणून इतिहासकार टिपांची पद्धत वापरतात. जगभरात यासाठी 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हे नियमपुस्तक जास्त चालतं. १९०६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि २०२४ मध्ये अठरावी. भारतातली बरीच विद्यापीठं आणि नियतकालिकं याच पद्धतीचं थोडंफार बदललेलं रूप वापरतात.

टीप का लागते, याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून काम केलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात तळटिपा आहेत. आपण वापरलेल्या काही कागदांच्या नकला मुंबईच्या साहित्य संस्थेकडे ठेवल्या आहेत, असंही त्याने नोंदवलं. पुढच्या अभ्यासकांना मात्र त्या नकला तिथे मिळाल्या नाहीत. म्हणजे पत्ता होता, पण त्या पत्त्यावर कागद नव्हता. ग्रँट डफच्या त्या विधानांची शहानिशा करण्याची एक वाट तिथेच बंद झाली.

१८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या इतिहासावर टीका करणारा निबंध लिहिला. मग वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांकडचे कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेत छापायला सुरुवात केली. या मालेचे २२ खंड झाले. राजवाड्यांनी प्रत्येक कागदाला क्रमांक दिला. त्याला 'लेखांक' म्हणतात. त्यामुळे आज कोणीही खंड आणि लेखांक सांगितला की दुसरा माणूस तोच कागद उघडून वाचू शकतो. टिपेचं सगळं काम हेच आहे. तुम्ही जे वाचलं ते दुसऱ्यालाही वाचता आलं पाहिजे, आणि तुमचं चुकलं असेल तर ते त्याला दाखवताही आलं पाहिजे.

टीप कधी द्यायची?

खालील ठिकाणी टीप हवीच :

- दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे दिले असतील तेव्हा.
- शब्द तुमचे, पण मत किंवा निष्कर्ष दुसऱ्याचा असेल तेव्हा. इथे टीप विसरली तर ते वाङ्मयचौर्य ठरतं, मग वाक्यरचना कितीही बदललेली असो.
- आकडा, तारीख, सैन्याची संख्या, खंडणीची रक्कम अशी तपासता येण्यासारखी माहिती दिली असेल तेव्हा.
- वादाचा मुद्दा असेल तेव्हा. अशा वेळी दोन्ही बाजूंचे संदर्भ द्यावेत.

जे सर्वांना माहीत आहे आणि ज्यावर वाद नाही, त्याला टीप लागत नाही. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, या वाक्याला टीप नको. त्या लढाईत किती माणसं पडली हा आकडा लिहिलात, तर मात्र टीप हवी.

टिपेचे दोन प्रकार आहेत. एक संदर्भटीप, ती माहिती कुठून घेतली ते सांगते. दुसरी स्पष्टीकरणटीप, ती एखादा शब्द, मतभेद किंवा तारखेचा घोळ उलगडते. दुसऱ्या प्रकाराचा मोह आवरावा लागतो. टीप अर्धं पान खाऊ लागली, तर तो मजकूर वर लेखात यायला हवा किंवा काढून टाकायला हवा.

टीप लिहायची कशी?

आधी टीपक्रमांकाची जागा. तो शक्यतो वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर द्यावा. एका वाक्यात तीन आकडे पेरण्यापेक्षा शेवटी एकच आकडा देऊन त्याच टिपेत तिन्ही संदर्भ अर्धविरामाने वेगळे करावेत. क्रमांक लेखभर किंवा प्रकरणभर सलग चालतात. शीर्षकाला आणि उपशीर्षकांना टीपक्रमांक देऊ नये.

आता साधनांनुसार नमुने पाहू. खाली जिथे 'अमुक' आहे तिथे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेला पृष्ठ किंवा लेख क्रमांक घाला.

पुस्तक : जदुनाथ सरकार, शिवाजी अँड हिज टाइम्स (कलकत्ता : एम. सी. सरकार अँड सन्स, १९१९), पृ. अमुक.

म्हणजे क्रम असा : लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, कंसात प्रकाशनस्थळ, प्रकाशक आणि वर्ष, मग पृष्ठ. ग्रंथाचं नाव तिरप्या अक्षरात किंवा अवतरणचिन्हांत द्यावं. दोन्हींपैकी एकच पद्धत लेखभर पाळावी. शिकागोच्या अठराव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ देण्याची सक्ती काढून टाकली आहे. तरी जुन्या मराठी पुस्तकांसाठी गावाचं नाव द्यावं. तेव्हा कित्येक लेखक स्वतःच प्रकाशक असत आणि पुस्तक ओळखायला गावच उपयोगी पडतं.

संपादित साधनग्रंथ : वि. का. राजवाडे (संपा.), मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १ (वाई, १८९८), लेखांक अमुक.

इथे पृष्ठापेक्षा लेखांक महत्त्वाचा. पुनर्मुद्रणात पानं बदलतात, लेखांक सहसा तोच राहतो. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड आहेत. तिथेही खंड आणि पत्राचा क्रमांक असा संदर्भ द्यावा. पत्र महत्त्वाचं असेल तर कोणी, कोणाला, कधी लिहिलं हे टिपेच्या सुरुवातीलाच सांगावं.

अप्रकाशित कागद : पुणे पुरालेखागार, पेशवे दफ्तर, रुमाल क्र. अमुक, कागद क्र. अमुक.

पुरालेखागाराचं नाव, दफ्तर, रुमाल, कागद असं मोठ्याकडून लहानाकडे यावं किंवा उलट क्रमाने. जो क्रम धराल तो शेवटपर्यंत पाळा. पुरालेखागारात बसल्या बसल्याच हे तपशील वहीत टिपून ठेवा. घरी आल्यावर फक्त फोटो उरतो आणि तो कोणत्या रुमालातला, हे आठवत नाही.

नियतकालिकातला लेख : लेखकाचं नाव, 'लेखाचं शीर्षक', नियतकालिकाचं नाव, वर्ष किंवा खंड, अंक, कंसात प्रकाशनवर्ष, पृष्ठ. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या जुन्या नियतकालिकांच्या वर्षाचा आणि अंकाचा क्रमांक अवश्य द्या, कारण ग्रंथालयात ते अंक त्यावरूनच शोधतात.

वृत्तपत्र : केसरी, ४ जानेवारी १८८१, पृ. अमुक. हा 'केसरी'चा पहिला अंक. वृत्तपत्राला तारीख हाच खरा पत्ता.

बखर : सभासद बखरीसारख्या ग्रंथाच्या वेगवेगळ्या संपादकांनी काढलेल्या आवृत्त्या असतात. "सभासद बखर, पृ. अमुक" एवढंच लिहिलं तर वाचक कोणत्या आवृत्तीचं पान उघडणार? म्हणून संपादक आणि आवृत्तीचं वर्ष द्यायलाच हवं.

लेखाच्या शेवटी संदर्भसूची असेल तर तिथे आडनाव आधी येतं : सरकार, जदुनाथ. ही सूची अकारविल्हे लावतात. टिपेत मात्र नाव सरळ क्रमानेच येतं.

तोच संदर्भ पुन्हा आला तर?

पूर्वी लगेच पुन्हा तोच ग्रंथ आला की 'तत्रैव' लिहीत, आणि मध्ये दुसरे संदर्भ येऊन गेले असतील तर लेखकाच्या नावापुढे 'उपरोक्त' लिहीत. छापील हस्तलिखितांच्या काळात हे चालून जायचं. आता आपण संगणकावर परिच्छेद वरखाली सरकवत असतो. टीप ७ आणि टीप ८ यांच्यामध्ये नवी टीप आली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून शिकागोनेही २०१७ च्या आवृत्तीपासून संक्षिप्त संदर्भाला पसंती दिली आहे. पहिल्यांदा पूर्ण टीप द्यावी आणि नंतर 'सरकार, शिवाजी, पृ. अमुक' एवढीच. तुमच्या विद्यापीठाने 'तत्रैव'चा आग्रह धरला असेल, तर सगळं लेखन पक्कं झाल्यावर शेवटच्या वाचनातच ते घाला.

तारखांसाठी खास टीप

मराठ्यांच्या इतिहासात टीप सगळ्यात जास्त कामी येते ती तारखांसाठी. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद तुम्हाला ठाऊक असेल. पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे १६२७ सालची तिथी मानली जात होती. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याची शकावली उजेडात आणली. शकावली म्हणजे सालवार घटनांची नोंद. तीत जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा दिला आहे. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत'मध्येही हीच तिथी आहे. यावरून निघालेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली.

आता या एका तारखेत किती गोष्टी दडल्या आहेत ते पाहा. शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुनात संपतं. त्यामुळे जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. म्हणून १६३०.

दुसरी गोष्ट, १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. पोर्तुगीजांनी नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे एकाच घटनेवर गोव्यातला पोर्तुगीज कागद एक तारीख देतो आणि सुरतेच्या इंग्रज वखारीचा कागद दुसरी.

तिसरी गोष्ट, तेव्हा इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. त्या वेळच्या इंग्रजी कागदांत जानेवारीचा महिना १६६३ मध्येच धरलेला किंवा १६६३/६४ असा जोडसालाने लिहिलेला दिसतो. नुसतं १६६३ वाचून तसंच उतरवलं की लेखात एका वर्षाची चूक शिरते.

म्हणून तारीख बदलून लिहिताना टिपेत तीन गोष्टी द्या : मूळ कागदावरची तिथी किंवा तारीख, ती कोणत्या पंचांगाची आहे ते, आणि रूपांतर तुम्ही केलं की कोणा संपादकाचं घेतलं ते. मराठी कागदांत सुहूर सनही येतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन निघतं आणि यातलं कोणतं घ्यायचं हे महिन्यावर ठरतं. तोही मूळ आकड्यासह टिपेत नोंदवावा.

जे पाहिलं, त्याचाच संदर्भ

टिपांतली सगळ्यात मोठी लबाडी साधी असते. सरदेसाईंच्या 'मराठी रियासत'मध्ये राजवाड्यांच्या एखाद्या लेखांकाचा उल्लेख सापडतो आणि लेखक सरळ राजवाड्यांचा संदर्भ ठोकून देतो. खंड त्याने उघडलेलाच नसतो. मग पहिल्याने आकडा चुकीचा उतरवला असेल तर ती चूक दहा पुस्तकांत फिरते, आणि दहा ठिकाणी छापलं म्हणून ती खरी वाटू लागते.

यावर उपाय सोपा आहे. मूळ ग्रंथ मिळवून पाहा. नाहीच मिळाला तर प्रामाणिकपणे लिहा : "राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक, उद्धृत, सरदेसाई, मराठी रियासत, खंड अमुक, पृ. अमुक." यात कमीपणा काहीच नाही. परीक्षकाला कळतं की तुम्ही काय पाहिलंत आणि काय पाहिलं नाहीत.

इंटरनेटवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांबाबत आणखी एक काळजी घ्या. पीडीएफ उघडल्यावर पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि पुस्तकावर छापलेला पृष्ठांक वेगळे असतात. मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका हेही पीडीएफ मोजते. टिपेत नेहमी छापील पृष्ठांक द्या. प्रस्तावनेला वेगळे अंक असतील तर "प्रस्तावना, पृ. अमुक" असं स्पष्ट लिहा. वेबसाइटवरचा मजकूर असेल तर पानाचं शीर्षक, पत्ता आणि तो पाहिल्याची तारीख द्या, कारण तो मजकूर उद्या बदलू शकतो.

संगणकावर टीप कशी घालायची?

आकडा हाताने टाइप करून वर चढवू नका. मध्ये एक टीप वाढली की पुढचे सगळे आकडे हाताने बदलावे लागतील. वर्डमध्ये 'रेफरन्सेस' या टॅबमध्ये 'इन्सर्ट फूटनोट' आहे. कीबोर्डवरून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबले तरी तळटीप येते. अंत्यटिपेसाठी एफऐवजी डी. गुगल डॉक्समध्येही तळटिपेसाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ हीच कळ आहे. असं केलं की क्रमांक आपोआप लागतात आणि परिच्छेद हलवला की टीपही सोबत जाते.

वर्डमध्ये अंत्यटिपांचे आकडे आपोआप रोमन लिपीत येतात. टिपांच्या सेटिंगमध्ये जाऊन ते साध्या अंकांत बदलून घ्या. तळटिपांच्या अंत्यटिपा किंवा उलट करण्याची सोयही तिथेच आहे, त्यामुळे संपादकाने ऐनवेळी पद्धत बदलायला सांगितली तरी घाबरू नका. संदर्भ शेकड्यांनी असतील तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. फक्त त्यात मराठी नावं भरताना नाव आणि आडनाव योग्य रकान्यांत गेलं ना, ते तपासा.

मग तळटीप की अंत्यटीप?

विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने नियम दिला असेल तर प्रश्नच मिटला, तोच पाळायचा. निवड तुमच्या हातात असेल तर असा विचार करा. प्रबंध किंवा शोधनिबंध वाचणारा माणूस पुरावा तपासतच वाचतो, त्याच्यासाठी तळटीप बरी. सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकात प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरांची रांग दिसली की वाचक बिचकतो, तिथे अंत्यटिपा चालतात. अंत्यटिपा देणार असाल तर प्रत्येक प्रकरणाचं नाव किंवा पृष्ठांक टिपांच्या पानावर वरती द्या. नाहीतर टीप १२ नेमकी कोणत्या प्रकरणाची, हे शोधण्यात वाचकाचा वेळ जातो. लेख मोबाइलवर वाचला जाणार असेल तर तिथे 'पानाचा तळ' नसतोच. म्हणून ऑनलाइन लेखात आकड्यावर बोट ठेवताच उघडणारी टीप द्यावी.

फॉरवर्ड आलेली पोस्ट तपासताना

तुम्हाला स्वतः काही लिहायचं नसलं तरी एवढं जमलं की वाचक म्हणून तुमची ताकद वाढते. इतिहासाची पोस्ट आली की चार प्रश्न विचारा. ग्रंथाचं नुसतं नाव आहे, की खंड, पृष्ठ किंवा लेखांकही दिलाय? आवृत्ती सांगितली आहे का? तारीख दिली असेल तर मूळ तिथी दिली आहे का? आणि शक्य असेल तर ते पान उघडा, मग विचारा, जे पोस्टमध्ये आहे ते खरंच तिथे लिहिलंय का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण खोट्या दाव्याखालीही खऱ्या पुस्तकाचं नाव टाकता येतं. मराठी इतिहासाची कित्येक जुनी साधनं आता इंटरनेटवर स्कॅन करून मोफत ठेवलेली आहेत, त्यामुळे नेमका खंड आणि लेखांक दिलेला असेल तर पडताळायला अनेकदा पाच-दहा मिनिटं पुरतात. दिलेलाच नसेल, तर पोस्ट टाकणाऱ्याला शांतपणे विचारा : "पान कोणतं?" उत्तर येईपर्यंत ती पोस्ट पुढे पाठवू नका.